खड्यावरचं नाव : गोव्यातले पाच दिवस

शनिवार

आंबोलीचा घाट उतरताना जाग आली, तेव्हा उजाडायला लागलं होतं. रात्री नगरहून गाडी सुटल्यापासून शेजारच्या बाईंनी दोनदा विचारलं होतं, "मूळच्या कोण तुम्ही?" पहिल्यांदा मी नुसतं "नगरच्या" म्हटलं. दुसऱ्यांदा डोळे मिटून घेतले.

हा प्रश्न माझ्यासाठी नवा नाही. आडनाव मराठी, बोलणं नगरी, नाव बायबलमधलं, गळ्यात काळे मणी आणि त्यात वाट्यांच्या जागी छोटा सोन्याचा क्रूस. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही चर्चला देऊळच म्हणतात. आमच्या चार पिढ्या ख्रिस्ती. तरी ओळख झाली की पाचव्या मिनिटाला लोक त्या चार पिढ्यांच्या मागे जाऊन उभे राहतात.

गेल्या वर्षी वडील गेले. त्यांच्यामागे एका दाखल्यासाठी कचेरीत गेले होते. टेबलामागच्या माणसाने अर्ज पाहिला आणि म्हणाला, "धर्म ख्रिश्चन, ठीक आहे. मूळ जात लिहा ना." मी म्हटलं, नाही लिहिणार. त्यावर तो म्हणाला, "मग मूळचे तुम्ही कोणीच नाही का?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, सहज बोलून गेला. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात हिंदूंखेरीज इतरांना जवळजवळ जागा नव्हती. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. वडिलांना हे सगळं पाठ होतं. तरी जातीचा रकाना ते सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "तो रिकामा नाही, भरलेला आहे." त्यांच्या हयातीत मी मान डोलवत आले. ते गेल्यावर मात्र मला त्या रकान्यात काहीच दिसेना.

ते मराठीचे शिक्षक होते, मीही तेच काम करते. गोव्यात साष्टीतल्या रायतूरला एकदा जायचं, ही त्यांची जुनी इच्छा. फादर स्टीफन्स यांचं, ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगणारं 'क्रिस्तपुराण' तिथे १६१६ साली छापलं गेलं, ती जागा त्यांना बघायची होती. ते राहून गेलं. म्हणून पाच दिवसांची रजा काढली आणि पुण्यात एम.ए.ला बरोबर असलेल्या फोंड्याच्या मैत्रिणीला फोन केला.

पणजीला उतरले तर कार्निव्हालचा पहिला दिवस. दुपारपासून रस्ते बंद होणार म्हणून बसस्थानकावर घाई उडालेली. मिळाली ती कदंबची, म्हणजे गोव्याच्या एसटीची, बस धरून फोंडा गाठलं.

मैत्रिणीची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. मी तिला मावशी म्हणते. सुती नऊवारी, कपाळाला ठसठशीत कुंकू, कान तिखट. घरात बोलणं कोकणी, पण पोथी मराठी, देवासमोरची आरती मराठी, वर्तमानपत्रही मराठी. चहा झाला आणि तिने विचारलं, "तुमचं मूळ कूळ कुठलं गो बाय?"

"आम्ही ख्रिस्ती, मावशी."

"ते ठाऊक. त्याच्या आधी?"

मैत्रिणीने आईकडे डोळे मोठे करून पाहिलं. मी म्हटलं, "नगरकडचे शेतकरी."

खोटं बोलले. पूर्ण खोटं नाही म्हणता येणार. महारकीच्या वतनाचा एक खडकाळ तुकडा होता आमच्या पूर्वजांकडे. पण मी जे लपवलं ते लपवायचं म्हणूनच लपवलं. या घरात, या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, मला ते नाव घेता आलं नाही.

संध्याकाळी तिघी कवळ्याला गेलो, शांतादुर्गेच्या देवळात. मावशीची ती कुलदेवता. मी अंगणातच थांबले, दीपमाळेपाशी. आजचं देऊळ छत्रपती शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं. देवी मात्र इथली नाही. ती झुवारीपलीकडच्या केळोशीची. १५६० नंतरच्या वर्षांत पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे या फोंड्याच्या भागात आणले. मंगेशही असाच कुठ्ठाळीकडून प्रियोळला आला. मावशी पायरीवर बसून हे सांगत होती आणि तिच्या आवाजात राग नव्हता. "आमच्यातल्या काहींनी देव घेतला नि निघाले. काही मागे राहिले, ते किरिस्तांव झाले. भाऊ-भाऊच ते." एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन फुलं घेऊन आली.

मी तिथे उभी होते आणि मला लाज वाटत होती. देवळं पाडणाऱ्यांच्या हातात जो क्रूस होता तोच माझ्या गळ्यात आहे. माझ्या पणजोबांना त्याच क्रुसाने माणूस म्हणून उभं केलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यातलं एकही मला सोडता येत नाही.

रविवार

सकाळी जुन्या गोव्यात, बॉम जेझू बॅसिलिकामध्ये. १५९४ ला बांधायला घेतलेलं आणि १६०५ ला अर्पण झालेलं हे चर्च बाहेरून तांबड्या जांभ्याचं, गिलाव्याविना, जुन्या वाड्याच्या भिंतीसारखं दिसतं. कोकणी मिस्सा चालू होती. कोकणी मला निम्मीच कळते, पण प्रभूची प्रार्थना कुठल्याही भाषेत सुरू झाली की ओळखू येते. सगळं चर्च एका आवाजात ती म्हणू लागलं तेव्हा माझे ओठ मराठीत हलत होते.

ख्रिस्तप्रसादासाठी लोक रांगेने पुढे गेले. मी बाकावर बसून राहिले, कारण मी कॅथलिक नाही, प्रोटेस्टंट, उत्तर भारतीय मंडळीची आहे. म्हणजे ख्रिस्ती झाल्यावरही मूळचे कोण हे संपत नाही. शेजारच्या म्हातारबाबांनी उठताना मला वाट दिली, मी मान हलवली, ते हसून पुढे गेले.

मग डावी-उजवी न बघता संत फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीकडे गेले. वर चांदीची पेटी, सतराव्या शतकात गोव्यातल्याच सोनारांनी घडवलेली. खाली रंगीत संगमरवराचा चौथरा, तो फ्लॉरेन्सच्या कारागिराचा, १६९८ चा. गोंयचो सायब, गोव्याचे स्वामी, म्हणतात त्यांना इथे. ते १५४२ साली इथे आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. आजाऱ्यांची सेवा करणारे, घंटी वाजवत गल्लीतल्या पोरांना प्रार्थना शिकवणारे. आणि १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासणारं न्यायासन, मागणारेही तेच. ते न्यायासन १५६० ला बसलं आणि मधली तीन-चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. जे नुकते ख्रिस्ती झाले होते त्यांच्याच घरात डोकावून, भात कसा शिजवता, लग्नात गाणी कोणती म्हणता, हे तपासलं गेलं. माणसाला नवं नाव देऊन झाल्यावर त्याच्या घराच्या फटीतून बघत राहायचं, हे माझ्या प्रभूचं काम नव्हे. त्याने कोणाच्या दारावर लाथ मारली नाही. तो दाराशी उभा राहून ठोठावतो, असंच लिहिलं आहे.

बाहेर मेणाचे हात, पाय, डोळे, लहान बाहुल्या विकणाऱ्या बायका बसतात. ज्याचं जे दुखत असेल ते घेऊन अर्पण करायचं. त्यातल्या एकीकडून मी मेणबत्ती घेतली. सुटे पैसे देता देता तिची नजर माझ्या गळ्याशी थांबली. तिने सरळ हात पुढे करून काळ्या मण्यांतला क्रूस दोन बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि तसाच अलगद सोडला.

"खुरीस? हे हिंदूंचं ना?"

"आमच्याकडे ख्रिस्ती बायका घालतात. लग्नात पाळक आशीर्वाद देतात, मग नवरा बांधतो."

"आडनाव कितें?"

मी सांगितलं. ती नवलाने शेजारणीकडे वळली आणि कोकणीत भरभर काही बोलली. मग मला तिने तिचं आडनाव सांगितलं, पोर्तुगीज. "पण गावच्या जुन्या वहीत आमचं दुसरंच आहे म्हणतात." इथे बाप्तिस्म्याच्या वेळी पोर्तुगीज धर्मबापाचं नाहीतर पाद्रीचं आडनाव मिळे. पिढ्यान्‌पिढ्या तेच चालत आलं. आमच्या नगरला अमेरिकन मिशनने १८३१ पासून काम केलं, पण आडनावं आमची आम्हालाच राहिली. तिचं बदललं, माझं बदललं नाही, आणि दोघींनाही लोक तोच प्रश्न विचारतात. आडनावात काही असतं तर आमच्यापैकी एकीची तरी सुटका झाली असती.

उन्हं चढली होती तरी टेकडीवर सेंट ऑगस्टीनचे अवशेष बघायला गेले. एके काळी ४६ मीटर उंच असलेल्या मनोऱ्याचा अर्धाच भाग उभा आहे. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं, उघड्या जमिनीवर कबरींच्या शिळा. इथेच जॉर्जियाच्या केतेवान राणीच्या अस्थी होत्या. इराणच्या शाह अब्बासने तिला वर्षानुवर्षं कैदेत ठेवलं. ख्रिस्त सोड म्हणून सांगितलं. तिने नकार दिला, आणि १६२४ साली शिराझमध्ये हाल हाल करून तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्यात आणल्या. या शतकाच्या सुरुवातीला उत्खननात इथे हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली, हाड भारतीय वंशाचं वाटेना, जॉर्जियाकडे बोट दाखवू लागलं. २०२१ साली भारताने तिच्या अस्थींचा भाग जॉर्जियाला दिला.

सावली शोधून मी एका पडक्या भिंतीला टेकून बसले. चारशे वर्षांनी राणीची ओळख हाडावरून पटवावी लागली. पण शिराझमध्ये तिला जे विचारलं गेलं ते हाडाबद्दल नव्हतं. तिला जगू द्यायला ते तयार होते, तिने फक्त मी ख्रिस्ताची नाही एवढं म्हणायचं होतं. तिने ते म्हटलं नाही. आणि मला काल चहा पिताना, कोणी गळ्याला सुरी लावली नसताना, मी कोणाची लेक आहे हे सांगता आलं नाही. तिथे बसून मी रडले. आजूबाजूला पर्यटक फोटो काढत होते, कोणी पाहिलं असेल, माहीत नाही.

सोमवार

दिवसभर घरी. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला, मैत्रिणीने गरम पोई, इथला पाव, घेतली. मावशी म्हणाली, तिच्या माहेरी लहानपणी पाव घरात येत नसे, किरिस्तांवांच्या हातचा म्हणून. आता तिला पोईशिवाय सकाळ होत नाही.

नाश्ता झाल्यावर ती सुपात उकडे तांदूळ घेऊन पडवीत निवडायला बसली. मी समोर बसले. तांदूळ जाडा, लालसर. तिचं बोट दाण्यांतून फिरायचं, थांबायचं, एक खडा चिमटीत यायचा आणि डाव्या हाताच्या तळव्यावर ठेवला जायचा. डोळ्यांना फार दिसत नाही, बोटांनीच कळतं म्हणाली. तळव्यावर पाच-सहा खडे जमले. बहुतेक काळपट, एक मात्र पांढरा, गुळगुळीत, साबुदाण्याएवढा.

"हरळ," मी म्हटलं. माझी आजी असंच म्हणायची.

मावशीने वर पाहिलं. "हा शब्द तुला ठाऊक? परवा पोथीत आला."

पोथी म्हणजे क्रिस्तपुराण. मी येणार म्हणून मैत्रिणीने ओळखीतून देवनागरी प्रत आणून ठेवली होती आणि तिच्याआधी आईनेच ती उघडली होती. मला बोलता येईना.

दुपारी जेवणं झाल्यावर मावशीने पाय धुतले, पाटावर बसली, चष्मा लावला आणि वाचायला लागली. श्रावणात पोथी लावतात त्याच चालीवर. ओवी संपताना शेवटचा शब्द लांबवून खाली आणायचा, थोडा दम घ्यायचा, पुढची. सगळं पुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचं आहे, जगाच्या निर्मितीपासून सुरू होऊन ख्रिस्ताच्या जन्म-मरण-पुनरुत्थानापर्यंत जाणारं. वैकुंठ हा शब्दही त्यात येतो. आरंभी एक प्रसंग आहे. नुकताच ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? मावशी इथे थांबली. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "बरोबर विचारलंन त्याने."

मलाही तसंच वाटतं. त्या एका प्रश्नात गोव्याचं सगळं दुःख आहे. आणि त्याचं उत्तर म्हणून एका परक्या माणसाने इथल्या भाषेत बसून ओव्या रचल्या, हेही तितकंच खरं. मग ती प्रसिद्ध ओवी आली, हरळांमध्ये जसं रत्न, रत्नांमध्ये जसा निळा हिरा, तशी भाषांमध्ये मराठी. वडिलांनी ही ओवी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिली. इतक्या वर्षांत माझं लक्ष कायम रत्नाकडे आणि हिऱ्याकडे होतं. त्या दुपारी हरळीकडे गेलं.

माझ्या पणजोबांचं नाव दगडू. पोरं जगत नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवायचे, दगडू, धोंडू, कचरू. गावात हाक यायची ती "ए दगड्या."

संध्याकाळी मी तो पांढरा खडा सुपाच्या कडेवरून उचलला आणि रुमालाच्या टोकाला बांधून ठेवला. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात प्रभू म्हणतो की जो विजय मिळवतो त्याला मी पांढरा खडा देईन, त्यावर नवं नाव लिहिलेलं असेल आणि घेणाऱ्याशिवाय ते कोणाला ठाऊक नसेल. हे वचन आमच्या घरी भिंतीवर होतं. मला लहानपणी वाटायचं, इतक्या छोट्या खड्यावर नाव मावणार कसं?

मंगळवार

मडगावमार्गे रायतूर. मैत्रिणीला सुट्टी नव्हती, एकटीच गेले. झुवारीच्या काठची ही टेकडी. जुन्या किल्ल्याची वेस अजून आहे, तिच्यातून आत गेलं की पांढरी, जाड भिंतींची सेमिनरी. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. आजही इथे फादर होण्यासाठी मुलं शिकतात. त्यातल्याच एका ब्रदरने मला चर्च आणि खालचा ओवरा दाखवला. छापखान्याची जागा कुठली ते त्यालाही सांगता येईना, तशी खूण मला कुठे दिसली नाही.

थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे. १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ मध्ये इथेच वारले. चाळीस वर्षं, त्यातली बरीचशी साष्टीत. मराठीत पुराण लिहिलं, कोकणीत प्रश्नोत्तरी लिहिली, कोकणीचं व्याकरण लिहिलं, ते त्यांच्यामागे १६४० मध्ये इथेच छापलं गेलं. देवनागरी खिळे नव्हते म्हणून क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापलं. १६१६, मग १६४९, मग १६५४. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज हाती नाही. लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांवरून १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापलं गेलं. मधल्या काळात, १६८४ मध्ये, इथल्या पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला होता की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. माणसं बोलत राहिली. ज्यांच्या हातात सत्ता होती त्यांचा कागद गेला आणि ज्यांनी रात्री दिव्याखाली बसून ओव्या उतरवल्या त्यांचा राहिला, हे मला त्या ओवऱ्यात उभं राहून फार मोठं वाटलं.

वडिलांची वही मी बरोबर आणली होती. त्यांच्या बारीक तिरप्या अक्षरात उतरवलेल्या ओव्या. ब्रदरला विचारलं, वाचू का? तो म्हणाला, वाचा की. रिकाम्या चर्चमध्ये मी मावशीच्या चालीवर चार ओव्या म्हटल्या. आवाज छतापर्यंत जाऊन परत आला. वडील असते तर शेवटच्या ओवीत माझा उच्चार सुधारला असता.

रात्री जेवणानंतर पडवीत मावशी सुपारी कातरत होती. मी म्हटलं, "मावशी, शनिवारी मी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

आणि सांगितलं. दगडूचा जन्म महारवाड्यातला. १८९९-१९०० च्या दुष्काळात आई-बाप दोघं गेले, चौदा वर्षांचा पोरगा मिशनच्या आवारात आला. गावाने पुढे म्हटलं, भाकरीसाठी बाटला. पण त्याने बाप्तिस्मा घेतला तो दुष्काळ सरून दोन वर्षं झाल्यावर, स्वतः खडी फोडून पोट भरायला लागल्यावर. पाळकांनी नाव विचारलं. तो म्हणाला, दगड्या. पाळकांनी विचारलं, नाव बदलायचं का? मग त्यांनी मत्तयाचा सोळावा अध्याय उघडून वाचून दाखवला. प्रभू शिमोनाला पेत्र म्हणतो. पेत्र म्हणजे खडक, दगडच. पणजोबा म्हणे हसले आणि म्हणाले, मग हेच तर माझं नाव आहे. मंडळीच्या वहीत पेत्र लागलं. अर्थ तोच राहिला. गाव ज्या शब्दाने त्याला हाकलत होतं, त्याच शब्दाने कोणी तरी त्याला जवळ बोलावलं होतं.

मावशीचा अडकित्ता थांबला होता.

"आमच्या घरी त्या लोकांना पाणी वरून ओतत," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मीही ओतलंय गो. या हाताने."

मी म्हटलं, "आणि क्रूस घेऊन आलेल्यांनी तुमचा देव केळोशीहून हलवायला लावला. त्याचं मला मनापासून वाईट वाटतं."

बराच वेळ दोघी गप्प होतो. आतून मैत्रिणीने भांडी आवरल्याचा आवाज येत होता. मग मावशीने विचारलं, "तुझ्या पणज्याला मिळालं काय पण? जमीन?"

जमीन नाही मिळाली, मी म्हटलं. सवलतही नाही. त्याला कळलं की तो देवाचा मुलगा आहे. एवढंच. ज्याने आकाश केलं त्याने त्याला नावाने हाक मारली, 'तू माझा आहेस' म्हणाला, आणि त्याच्यासाठी मरण सोसलं. नगरच्या बाजारात मान खाली घालून चालणारा माणूस त्यानंतर मान वर करून चालला. गावाने मारलं तरी. माझ्या वडिलांनी रकाना रिकामा सोडला तो याच्यासाठी. हे मी आयुष्यभर रविवारच्या शाळेत शिकले, शिकवलं, आणि मला ते आज इथे तुमच्यापुढे बोलताना कळतंय. मी मूळची कोण, तर त्याची. मराठी त्याचीच, महारवाडा त्यानेच पाहिलेला, आडनाव त्याला पाठ. काही लपवायचं कारणच नव्हतं.

मावशीने कातरलेली सुपारी माझ्या हातावर ठेवली. तिच्या बोटांचा स्पर्श झाला. तिने हात लगेच काढून घेतला नाही.

बुधवार

राखेचा बुधवार. उपवासकाळ सुरू. आमच्या मंडळीत उपासना होते, राख लावत नाहीत. पण सकाळी फोंड्याच्या चर्चमध्ये गेले आणि या रांगेत उभी राहिले. समोर शाळेच्या गणवेशातली मुलं, एक कदंबचा कंडक्टर, एक बाई कडेवर बाळ घेऊन. फादरनी अंगठा राखेत बुडवून माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि कोकणीत म्हणाले ते मला पूर्ण कळलं, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. पुढच्या कंडक्टरलाही तेच म्हणाले होते. बाळालाही.

रात्रीची गाडी होती. बॅग भरून झाली तशी मावशीने मला देवघराबाहेरच्या खोलीत बोलावलं. सुपात तांदूळ, नारळ आणि एक विडा. सवाष्णीने घरातून रिकाम्या पदराने जाऊ नये, म्हणाली. मग जरा अडखळून विचारलं, "तुमच्यात चालतं ना?"

"माझ्या प्रभूच्या नावाने घेते, मावशी."

"घे गो. माझ्या नावाने मी देते."

तिने सवयीने कुंकवाचा करंडा उघडला. बोट आत घालणार तेवढ्यात माझ्या कपाळाकडे पाहिलं, राखेच्या क्रुसाकडे. क्षणभर थांबली आणि करंड्याचं झाकण परत लावलं. मी पदर पसरला. तिने नारळ ठेवला, मग ओंजळीने तांदूळ घातले, एकदा, दोनदा, तीनदा. लालसर दाणे पदरात सरसरत उतरले.

"निवडलेत मी," ती म्हणाली, "पण डोळे नाहीत आता. एखादी हरळ राहिली असेल."

"राहू दे," मी म्हटलं.